अमेरिकेंतील दंतविशेषज्ञाची जागा कशी मिळते ?

हल्लीं पुण्यामुंबईच्या पुष्कळ घरांतील एखादा पुतण्या किंवा एखादी भाची अमेरिकेंत दंतवैद्यक शिकत असते. चार वर्षांचा अभ्यासक्रम संपला, पदवी हातीं आली, नांवापूर्वीं 'डॉक्टर' हा शब्द लागला, म्हणजे सर्व कांहीं आटोपलें, अशी घरच्या मंडळींची समजूत असते. मग एके दिवशीं दूरध्वनीवर 'रेसिडेन्सी' हा नवा शब्द कानांवर येतो. मुलगी सांगते, "अजून तीन वर्षें शिकावयाचें आहे, पण जागा मिळेलच असें नाहीं." वडील माणसें बुचकळ्यांत पडतात. पदवी तर मिळाली. मग ही दुसरी जागा कसली? ती कोण देतो ? ती मिळविण्यासाठीं कोणाला भेटावें, कोणाची चिठ्ठी न्यावी ?

श्रोतेहो, आजच्या भाषणांत या प्रश्नांचीं उत्तरें देण्याचा मी यत्न करणार आहें. मी दंतवैद्य नव्हें. माझा जन्म शाळेंत मुलांना शिकविण्यांत गेला. परंतु चार मुलांतून एकाची निवड कशी होते, आणि तितकाच हुशार असा दुसरा मुलगा मागें कां राहतो, हा प्रश्न मास्तराच्या धंद्यांतलाच आहे. शिवाय या बाबतींतील निवडीची रीत इतकी विचार करण्यासारखी आहे कीं, ज्यांच्या घरांत दंतवैद्यकाचा विद्यार्थी नाहीं त्यांनींही ती समजून घ्यावी.

प्रथम ही जागा म्हणजे काय तें पाहूं. अमेरिकेंत साधारणपणें चार वर्षें कॉलेजांत घालवल्यावर विद्यार्थी दंतवैद्यकाच्या शाळेंत जातो आणि तेथें आणखी चार वर्षें शिकतो. शेवटीं त्याला डी. डी. एस. किंवा डी. एम. डी. ही पदवी मिळते. नांवें दोन असलीं तरी पदवीची योग्यता एकच आहे. १८४० सालीं बाल्टिमोर येथें जगांतील पहिलें दंतवैद्यकाचें कॉलेज निघालें, त्याच्यापासून पहिलें नांव रूढ झालें. १८६७ सालीं हार्वर्ड विद्यापीठानें आपली दंतशाळा काढली, तिच्यापासून दुसरें. ही पदवी आणि राज्याचा परवाना एवढ्यावर मनुष्य दाढ काढूं शकतो, दांत भरूं शकतो, कवळी बसवूं शकतो आणि रूट कॅनालही करूं शकतो. तेथील दर पांच दंतवैद्यांपैकीं सुमारें चार जण असेच सामान्य दंतवैद्य आहेत, व समाजांत त्यांना चांगला मान आहे. ही गोष्ट आरंभींच ध्यानांत ठेवावी. तिचा उपयोग पुढें होणार आहे.

परंतु कांहीं कामें अशीं असतात कीं, त्यांना आयुष्य वाहून घेणारा माणूस लागतो. १९०० सालीं एडवर्ड अँगल या गृहस्थानें सेंट लुई शहरांत, वेड्यावांकड्या दांतांना वळण लावण्याची विद्या शिकविणारी स्वतंत्र शाळा काढली. विशेष शाखेच्या शिक्षणाचा तो आरंभ म्हणावयास हरकत नाहीं. आज त्या देशांत दंतवैद्यकाच्या १२ विशेष शाखा मान्य आहेत. दांत सरळ रेषेंत आणण्याची शाखा, ऑर्थोडॉन्टिक्स, दोन ते तीन वर्षांची आहे. मुलांच्या दांतांची शाखा निदान दोन वर्षांची, हिरड्यांची तीन वर्षांची, तर मुख व जबडा यांच्या शस्त्रक्रियेची चार वर्षांची; आणि तिच्याबरोबर एम. डी. ही वैद्यकाची पदवीही घ्यावयाची असल्यास सहा वर्षांची. या काळांत उमेदवार गुरुजनांच्या देखरेखीखालीं रोगी तपासतो, उपचार करतो आणि त्याबरोबर अभ्यासही करतो. या उमेदवारीलाच तेथें रेसिडेन्सी म्हणतात.

आतां अडचण अशी आहे कीं, जागा थोड्या आणि मागणारे पुष्कळ. अमेरिकेंत सत्तरांहून अधिक दंतशाळा असून त्यांतून दरवर्षीं कित्येक हजार पदवीधर बाहेर पडतात. उलट, जबड्याच्या शस्त्रक्रियेचे शिक्षणक्रम शंभराच्या आसपास आहेत, आणि एकेका ठिकाणीं दरवर्षीं दोन, तीन, फार तर पांच-सहा उमेदवार घेतले जातात. ऑर्थोडॉन्टिक्सची स्थिति याहून फारशी निराळी नाहीं. त्यांतच पैशाचा प्रश्न असतो. कर्ज काढून शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या डोक्यावर पदवीच्या वेळीं सरासरीनें सुमारें ३ लाख डॉलरांचें कर्ज असतें. शस्त्रक्रियेचा उमेदवार रुग्णालयांत राबतो म्हणून त्याला वेतन मिळतें. पण ऑर्थोडॉन्टिक्सच्या कित्येक ठिकाणीं उमेदवारालाच फी भरावी लागते. म्हणजे येथें केवळ मानाचा प्रश्न नाहीं. तरुण माणसाच्या आयुष्यांतलीं दोन ते सहा वर्षें आणि एका कुटुंबाची पुंजी पणाला लागलेली असते.

मग निवड होते ती कशावरून ? या सर्व प्रकरणाचें सार मला एका वाक्यांत सांगतां येण्यासारखें आहे. ही जागा मागून मिळत नाहीं. ती साक्षीवर मिळते. निवड करणारे पांच-सहा प्राध्यापक उमेदवाराला ओळखत नसतात. 'या मनुष्याच्या हातीं आम्ही रोग्याचें तोंड द्यावें काय ?' एवढाच त्यांचा प्रश्न असतो. त्याचें उत्तर उमेदवारानें स्वतःच्या तोंडानें देऊन उपयोग नाहीं. तें इतरांनीं द्यावें लागतें. उमेदवाराचे गुण साक्ष देतात, परीक्षा साक्ष देते, त्याचा हात पाहणारे साक्ष देतात, त्यानें केलेला शोध साक्ष देतो आणि गुरूंचीं पत्रें साक्ष देतात. अशा या पांच साक्षी आहेत. त्या एका महिन्यांत उभ्या करतां येत नाहींत. तहान लागल्यावर विहीर खणणाराला तेथें पाणी लागत नाहीं.

ही गोष्ट स्पष्ट होण्यासाठीं तेथील वेळापत्रक सांगतों. अर्ज चौथ्या वर्षाच्या शेवटीं करावयाचा नसतो. तिसरें वर्ष संपतें न संपतें तोंच, उन्हाळ्यांत, अर्जांचें काम सुरू होतें. 'पास' या नांवाची एक मध्यवर्ती व्यवस्था आहे. तिच्यामार्फत एकच अर्ज अनेक ठिकाणीं पाठवितां येतो. शरद ऋतूंत मुलाखती होतात, डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास निकाल लागतात आणि पुढच्या उन्हाळ्यांत, बहुधा जुलैंत, उमेदवारी सुरू होते. याचा अर्थ काय ? अर्जावर गुण जातात ते पहिल्या तीन वर्षांचे. चौथ्या वर्षीं कितीही परिश्रम केले तरी ते या अर्जाच्या कामीं येत नाहींत. 'पहिलें वर्ष रुळण्यांत गेलें, पुढें पाहूं,' असें म्हणणारा विद्यार्थी आपल्या तीन साक्षीदारांपैकीं एक गमावून बसतो. पहिल्या वर्षांतलें शरीरशास्त्र आणि रसायन हे विषय दांतांपासून दूरचे वाटतात, पण त्यांचे गुण त्याच कागदावर छापलेले असतात.

गुणांची ही पहिली साक्ष झाली. कांहीं शाळा विद्यार्थ्यांचा वर्गांतील क्रमांक कळवितात. कांहीं शाळा आतां केवळ उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण एवढेंच सांगतात. जेथें क्रमांक असतो तेथें त्याकडे पाहिलें जातें हें उघड आहे. जेथें तो नसतो तेथें इतर साक्षींना अधिक वजन येतें.

दुसरी साक्ष परीक्षेची. येथें एक लक्षांत घेण्याजोगा बदल होऊन गेला आहे. पूर्वीं दंतवैद्याच्या परवान्यासाठीं राष्ट्रीय मंडळाची परीक्षा दोन भागांत होत असे व तिचे गुण आंकड्यांत मिळत. निवड करणाऱ्यांना ती सोयीची मोजपट्टी होती. २०१२ पासून त्या परीक्षेचा निकाल केवळ 'उत्तीर्ण' किंवा 'अनुत्तीर्ण' असा लागूं लागला. पुढें २०२० सालीं दोन्ही भागांच्या जागीं एकच एकत्रित परीक्षा आली. तीही तशीच, बिनगुणांची. ती उत्तीर्ण व्हावीच लागते, पण तिच्यानें कोणी पुढें सरत नाहीं. मोजपट्टी गेली म्हणून दुसऱ्या मोजपट्ट्या पुढें आल्या. जबड्याच्या शस्त्रक्रियेसाठीं वैद्यकीय परीक्षामंडळाची मूलभूत शास्त्रांची एक परीक्षा मागूं लागले. इतर शाखांसाठीं २०१६ सालीं 'अ‍ॅडॅट' ही परीक्षा सुरू झाली. तींत २०० प्रश्न असतात. ते शरीरविषयक शास्त्रें, रोगोपचार, आणि संशोधनाचा अर्थ लावणें या तीन विषयांवरचे असतात. गुण २०० ते ८०० या मापानें मिळतात. ती सर्व ठिकाणीं सक्तीची नाहीं. कोणत्या शाखेला, कोणत्या ठिकाणीं, कोणती परीक्षा लागते, याची चौकशी दुसऱ्या वर्षींच करावी. कारण या परीक्षेचा अभ्यास म्हणजे पहिल्या दोन वर्षांच्या अभ्यासाचीच उजळणी आहे, आणि ताज्या आठवणीची उजळणी सोपी जाते हें सांगावयास मास्तर कशाला पाहिजे?

तिसरी साक्ष हाताची. दंतवैद्यक ही डोक्याइतकीच हाताची विद्या आहे. मेणाचा दांत कोरतांना, नकली जबड्यावर काम करतांना, आणि पुढें खऱ्या रोग्यासमोर बसतांना विद्यार्थ्याचा हात कसा चालतो, तो घाई करतो कीं काय, चूक झाली असतां ती सांगतो कीं झांकतो, हें शिक्षक रोज पाहत असतात. याखेरीज ज्या शाखेंत जावयाचें त्या शाखेच्या दुसऱ्या एखाद्या रुग्णालयांत आठ-पंधरा दिवस जाऊन राहण्याची पद्धत आहे. तिला एक्स्टर्नशिप म्हणतात. शस्त्रक्रियेच्या शाखेंत तिला फार महत्त्व आहे. पाहुणा विद्यार्थी पहांटे हजर असतो काय, परिचारिकेशीं नम्रतेनें बोलतो काय, रात्रीं अपघाताचा रोगी आल्यावर त्याचें तोंड वांकडें होतें काय, हें तेथील मंडळी बोलून न दाखवितां टिपून ठेवतात. पण या आठवड्याचा दुसरा उपयोग मला अधिक मोठा वाटतो. विद्यार्थ्यालाही कळतें कीं, हें काम आपल्याला आवडतें कीं केवळ त्याचें नांव आवडतें. रात्री-अपरात्रीं उठून फुटलेले जबडे जोडणें ज्याला सोसत नाहीं, त्याला तें सहा वर्षांच्या आधीं आठ दिवसांत समजलेलें बरें.

चौथी साक्ष शोधकबुद्धीची. अर्जांत 'संशोधन' असा एक रकाना असतो. तो भरण्यासाठीं पुष्कळ मुलें एखाद्या प्राध्यापकाच्या निबंधाला आपलें नांव जोडून घेतात व स्वस्थ बसतात. मुलाखतींत त्याच निबंधावर दोन प्रश्न विचारले म्हणजे सोंग उघडें पडतें. खरें संशोधन कसें असतें, याचें दंतवैद्यकाच्या इतिहासांतलेंच एक उदाहरण सांगतों. फ्रेडरिक मॅके नांवाचा तरुण १९०० सालीं दंतवैद्याची पदवी घेऊन १९०१ सालीं कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गांवीं व्यवसाय करण्यास गेला. तेथील पुष्कळ लोकांच्या दांतांवर तपकिरी डाग त्याला दिसले. गांवकरी म्हणत, हें असेंच असतें. मॅकेचें त्यानें समाधान झालें नाहीं. त्यानें नोंदी ठेवल्या, आणि त्या काळचे सुप्रसिद्ध दंतशास्त्रज्ञ जी. व्ही. ब्लॅक यांना हा प्रश्न दाखविला. ते स्वतः तेथें आले आणि १९१५ सालीं मरण पावेपर्यंत त्यांनीं या कामांत लक्ष घातलें. डाग पडलेले हे दांत सहसा किडत नाहींत, ही चमत्कारिक गोष्ट दोघांना आढळून आली. याचें कारण पिण्याच्या पाण्यांतील फ्लोराइड आहे, हें १९३१ सालीं, म्हणजे तीस वर्षांनीं, एका रसायनज्ञाच्या पृथक्करणावरून कळलें. आणि १९४५ सालीं ग्रँड रॅपिड्स या शहरानें मोजून मापून फ्लोराइड आपल्या पाण्यांत मिसळण्यास जगांत प्रथम सुरुवात केली. विद्यार्थ्यानें तीस वर्षें थांबावें असें मी म्हणत नाहीं. पण एक लहानसा प्रश्न स्वतःचा म्हणून घ्यावा, दोन वर्षें त्याच्या मागें राहावें, आणि कोणी विचारलें तर 'मला हें कां कळून घ्यावयाचें होतें' हें सांगतां यावें. असा एक प्रश्न दहा उसन्या निबंधांपेक्षां अधिक वजनाचा आहे.

पांचवी साक्ष पत्रांची, आणि तेथेंच आपल्या घरांतील मंडळींचा सर्वांत मोठा गैरसमज असतो. शिफारसपत्र म्हटलें कीं आपल्याला वशिला आठवतो. कोणी मोठा अधिकारी, कोणी नांवाजलेला डॉक्टर ओळखीचा आहे काय, याचा शोध सुरू होतो. परंतु वशिल्याची चिठ्ठी आणि शिफारसपत्र यांत मूळचाच भेद आहे. चिठ्ठी सांगते, हा मुलगा कोणाचा. पत्र सांगतें, हा मुलगा कसा. ज्यानें मुलाला काम करतांना पाहिलेंच नाहीं, असा कितीही मोठा मनुष्य 'हा फार हुशार आहे' यापलीकडे काय लिहिणार ? उलट, त्याच शाखेंतील एखादा साधा शिक्षक लिहितो कीं, एका घाबरलेल्या लहान मुलाला या विद्यार्थिनीनें तीन वेळां केवळ खुर्चीवर बसण्याची संवय करविली आणि चौथ्या वेळीं दांत भरला. असें पत्र वाचणाऱ्याच्या मनांत राहतें. तें मिळवावयाचें तर शिक्षकाजवळ पहिल्यापासून जावें लागतें, त्याच्या दवाखान्यांत उभें राहावें लागतें, आणि पत्र मागतांना 'आपण माझ्याविषयीं मनापासून चांगलें लिहूं शकाल काय ?' असें स्पष्ट विचारावें लागतें. जो क्षणभर घुटमळतो त्याच्याकडून पत्र घेऊं नये.

या पांच साक्षींबरोबर विद्यार्थ्याला स्वतःविषयीं एक लहानसा निबंध लिहावा लागतो. निबंध तपासण्यांत माझीं वर्षें गेलीं असल्यामुळें येथें दोन शब्द अधिकारानें बोलतों. 'लहानपणापासून मला लोकांचें हास्य सुंदर करावयाचें होतें' अशा तऱ्हेचें वाक्य शेंकडों निबंधांत असतें. आपण काय पाहिलें, काय केलें आणि त्यांतून ही शाखा कां घ्यावीशी वाटली, एवढें साध्या शब्दांत लिहावें. विशेषणें जितकीं थोडीं तितका निबंध खरा वाटतो.

त्यानंतर मुलाखत. ती म्हणजे या सर्व साक्षींची उलटतपासणी. तेथें विद्वत्तेपेक्षां स्वभाव अधिक पाहिला जातो. कारण निवडलेल्या मनुष्याबरोबर पुढचीं तीन-चार वर्षें एका दवाखान्यांत काढावयाचीं असतात. उमेदवारानेंही तेथें डोळे उघडे ठेवावे. तेथील जुन्या उमेदवारांना विचारावें कीं, तुम्हांला शिकविलें जातें कीं केवळ राबविलें जातें ? फी किती, वेतन किती, प्रत्यक्ष रोगी किती पाहावयास मिळतात ? वधूपरीक्षा एकतर्फी असूं नये हें आतां आपणांसही पटलें आहे. ही परीक्षाही तशी एकतर्फी नसावी.

वधूपरीक्षेचा दाखला मीं उगाच दिला नाहीं. ऑर्थोडॉन्टिक्स, मुलांचे दांत, जबड्याची शस्त्रक्रिया अशा कित्येक शाखांत शेवटची निवड पत्रव्यवहारानें होत नाहीं; 'मॅच' या नांवाच्या व्यवस्थेनें होते. मॅच म्हणजे जुळणी. मुलाखती संपल्यावर प्रत्येक उमेदवार आपल्या पसंतीच्या ठिकाणांची क्रमवार यादी देतो, आणि प्रत्येक संस्था आपल्या पसंतीच्या उमेदवारांची. मग गणकयंत्र जुळणी करतें. तरुण डॉक्टरांसाठीं अशी व्यवस्था अमेरिकेंत १९५२ पासून आहे. या तऱ्हेच्या जुळणीचें गणित १९६२ सालीं गेल व शॅप्ली या दोन पंडितांनीं विवाहाचेंच उदाहरण घेऊन मांडलें, आणि २०१२ सालीं शॅप्ली व रॉथ यांना या विषयावरील कार्याबद्दल अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

रीत अशी आहे. यंत्र प्रत्येक उमेदवाराला प्रथम त्याच्या पहिल्या पसंतीच्या दारीं नेतें. तेथें जागा असेल, आणि त्या संस्थेच्या यादींत त्याचें नांव असेल, तर त्याला तात्पुरतें बसवितें. पुढें त्या संस्थेला अधिक पसंत असा दुसरा उमेदवार आला, तर पहिल्याला उठावें लागतें. मग यंत्र त्याला त्याच्या दुसऱ्या पसंतीच्या दारीं नेतें. तेथें तो उशीरां आला म्हणून त्याचा हक्क कमी होत नाहीं. त्या संस्थेला तो अधिक पसंत असेल तर आधीं बसलेल्याला उठवून त्याला जागा मिळते. असें सर्वांचें स्थान निश्चित होईपर्यंत चालतें. शेवटीं जें जुळेल तें दोन्ही पक्षांना बंधनकारक असतें.

यांतून एक महत्त्वाचा धडा निघतो. घरांतील शहाणीं माणसें सल्ला देतात : "पहिली जागा फार मोठ्या ठिकाणची आहे, ती मिळणार नाहीं. यादींत खात्रीची जागा वर घाल, नाहीं तर दोन्ही जातील." आपल्या इकडील कित्येक प्रवेशांच्या अनुभवावरून हा सल्ला शहाणपणाचा वाटतो, पण येथें तो साफ चुकीचा आहे. अवघड जागा पहिली लिहिल्यानें दुसऱ्या जागेची संधि तिळमात्र कमी होत नाहीं, हें वरील रीतीवरून आपल्या ध्यानांत आलेंच असेल. उलट, खात्रीची जागा पहिली लिहिली आणि ती मिळाली, तर मनांतल्या जागेचें दार यंत्र उघडूनही पाहत नाहीं. म्हणून यादी खऱ्या पसंतीच्या क्रमानेंच द्यावी; आणि जेथें जावयाचेंच नाहीं तें ठिकाण यादींत मुळीं घालूंच नये, कारण जुळलें कीं जावें लागतें. चतुराई करणाऱ्याचें नुकसान आणि सरळ बोलणाऱ्याचें हित करणाऱ्या व्यवस्था जगांत फार थोड्या आहेत. ही त्यांपैकीं एक आहे.

आणि एवढें सर्व करूनही जागा मिळाली नाहीं तर ? दरवर्षीं पुष्कळ चांगल्या विद्यार्थ्यांवर ही पाळी येते. तेथें जागाच थोड्या आहेत, एवढाच बहुधा त्याचा अर्थ असतो. अशा वेळीं एक वर्षाची सामान्य उमेदवारी उपयोगी पडते. रुग्णालयांतील एका प्रकाराला जी. पी. आर. म्हणतात, दुसऱ्याला ए. ई. जी. डी. न्यूयॉर्क राज्यांत तर २००७ पासून नव्या दंतवैद्याला परवान्यासाठीं निदान एक वर्षाची उमेदवारी करावीच लागते. शस्त्रक्रियेच्या शाखेंतही वर्षभराची स्वतंत्र उमेदवारी असते. त्या वर्षांत हात सुधारतो, नवे साक्षीदार मिळतात, आणि पुढच्या वर्षीं पुन्हां अर्ज करतां येतो. असा अर्ज करणाऱ्याकडे तेथें कोणी कमीपणानें पाहत नाहीं.

आतां ज्यांनीं आपल्याकडे बी. डी. एस. ही पदवी घेतली आहे त्यांच्याविषयीं थोडेंसें. हिंदी विद्यार्थी आणि अमेरिकेचें दंतवैद्यक यांचा संबंध जुना आहे. डॉ. रफिउद्दीन अहमद १९१५ सालीं आयोवा विद्यापीठाचे पदवीधर झाले आणि त्यांनीं १९२० सालीं कलकत्त्यास दंतवैद्यकाचें कॉलेज काढलें. आज महाराष्ट्रांतून तिकडे जाणाऱ्या पदवीधरापुढें दोन वाटा असतात. एक, तेथील दंतशाळेंत मधल्या वर्गांत प्रवेश घेऊन दोन ते तीन वर्षांत तेथील पदवी मिळवावी. त्यासाठीं 'कॅपिड' ही मध्यवर्ती अर्जाची व्यवस्था आहे, आणि पुष्कळ शाळा नकली जबड्यावर हस्तकौशल्याची परीक्षा घेतात. दुसरी वाट म्हणजे सरळ विशेष शाखेची उमेदवारी. कांहीं संस्था परदेशी पदवीधरांना घेतात, कांहीं घेत नाहींत. ही वाट जवळची दिसते. परंतु तेथें परवाना देणें हें प्रत्येक राज्याच्या मंडळाच्या हातीं असतें, आणि तेथील मूळ पदवी नसतां केवळ विशेष शिक्षणावर परवाना देणारीं राज्यें थोडीं आहेत. म्हणून शिक्षण संपल्यावर कोणत्या राज्यांत राहावयाचें, आणि तेथील नियम काय, हें पैसे भरण्यापूर्वीं विचारून घ्यावें. मागाहून विचारल्यास उत्तर तेंच मिळतें, फक्त महाग पडतें.

शेवटीं घरांतील वडील माणसांना विनंति. मुलाला 'तुला काय मिळेल ?' असें विचारण्यापूर्वीं 'तुला काय आवडतें ?' असें विचारा. आरंभीं सांगितलें कीं, तेथील पांचांपैकीं चार दंतवैद्य सामान्य दंतवैद्य आहेत. सबंध घराण्याचे दांत दोन पिढ्या सांभाळणारा मनुष्य विशेषज्ञापेक्षां कमी नव्हे. ज्याला विशेष शाखेची खरी ओढ आहे, त्याला पहिल्या वर्षापासून धीर द्या. ज्याला नाहीं, त्याला शेजाऱ्याच्या मुलाचें उदाहरण देऊं नका. फोनवर बोलतांना गुण किती पडले हें विचारतांच, पण याबरोबर एवढेंही विचारीत जा कीं, या आठवड्यांत कोणाचें दुखणें तुझ्या हातून कमी झालें ? या प्रश्नाचें उत्तर ज्याच्याजवळ दर आठवड्याला असतें, त्याला मुलाखतींत काय बोलावें याची चिंता करावी लागत नाहीं. आणि यादाकदाचित् जागा नाहींच मिळाली, तरी तीं उत्तरें त्याच्याजवळ राहतातच.